'उद्या निघतोय, शेठ' : छोटं कॉम्प्युटर दुकान आणि बेभरवशाचा सप्लायर

(ज्यांना ऐकायला वेळ नसतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग कोडिंगवर नाही, दुकानावर आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझ्या मामेभावाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. एक गाळा, एक रिपेअरिंगचं टेबल, कामाला एक मुलगा. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो, पण दादाचं बिलिंग, एक्सेल, जीएसटीच्या फायली हे सगळं गेली काही वर्षं रविवारी माझ्याकडे असतं. काउंटरवर मी उभा राहत नाही, पण कुठलं बिल कधी फाटलं आणि त्या बिलावरचा माल खरोखर कधी आला, हे मला त्याच्याइतकंच माहीत असतं. या दोन तारखांमध्ये जे अंतर पडतं ना, त्याबद्दल आज बोलायचंय.

सप्लायरचं नाव घेणार नाही. तो पुण्यातला आहे, एवढं पुरे. आणि खरं सांगू का, नावाने काही फरक पडत नाही. ज्यांच्या घरात असं दुकान आहे, ते ऐकताना आपापल्या सप्लायरचं नाव मनात घालून घेतीलच.

आधी माल येतो कुठून ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं की दुकानदार कंपनीकडून माल घेतो. तसं नसतं. वर ब्रँड. त्याखाली देशभर माल पुरवणारे मोठे वितरक, म्हणजे रेडिंग्टन, इन्ग्राम मायक्रो, राशी पेरिफेरल्स वगैरे. त्यांच्याखाली शहराशहरांतले होलसेलवाले. आणि या होलसेलवाल्यांकडून आमच्या दादासारखे लोक घेतात. आजची तक्रार आहे ती या खालच्या कडीबद्दल. मोठ्या वितरकाकडे थेट खातं उघडायचं तर महिन्याला तेवढी उचल पाहिजे. महिन्याला पंधरा-वीस मशीन विकणाऱ्या दुकानाची तेवढी उचल कुठून असणार?

तर दादाचा सप्लायर म्हणजे हा मधला माणूस. खरं म्हणजे त्याचा सेल्समन, कारण फोनवर तोच असतो. गोड माणूस आहे. दिवाळीला आठवणीने मिठाईचा बॉक्स पाठवतो. आणि त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे : "उद्या निघतोय, शेठ."

आता एक प्रसंग सांगतो. २०२४ सालचा एप्रिल. दादाच्या गावात एक टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. आता टाइपरायटर गेले, महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी परीक्षा कॉम्प्युटरवरच होते. तीस, चाळीस शब्दांच्या स्पीडचे कोर्स. सरकारी नोकरीत क्लार्कच्या जागेला ते सर्टिफिकेट लागतं, म्हणून तालुक्याच्या गावी याला भरपूर गर्दी. तर त्या इन्स्टिट्यूटच्या सरांना १२ नवी मशीन हवी होती. परीक्षेआधी पोरांचा हात नव्या कीबोर्डवर बसला पाहिजे, म्हणून तारीख पक्की : १० मेच्या आत. असेंबल्ड मशीन, मॉनिटरसकट.

दादाच्या दुकानासाठी एका वेळी १२ म्हणजे मोठी ऑर्डर. सरांनी अर्धे पैसे दिले, ते दादाने पुण्याला पाठवले. २९ एप्रिलला बिल आलं. माल नाही आला, बिल आलं. हे का होतं माहितीये? महिनाअखेर. सेल्समनचं टार्गेट असतं, म्हणून तो ३० तारखेच्या आत बिल काढून मोकळा होतो. माल त्याच्याकडे आहे की नाही हा पुढचा प्रश्न.

मग सुरू. दोन मेला "उद्या निघतोय". तीनला "गाडी भरतीये". पाचला रविवार. सहाला "ट्रान्सपोर्टवाल्याकडे पडलाय, मी बोलतो". आठ तारखेला सकाळी टेम्पो आला. दादाने खोके उघडले. १२ कॅबिनेट, १२ मदरबोर्ड, १२ प्रोसेसर, एसएसडी, मॉनिटर, सगळं व्यवस्थित. रॅम नाही. एकही नाही.

ज्यांना हार्डवेअरमधलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो : रॅमशिवाय कॉम्प्युटर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. चालूच होत नाही.

फोन केला. "शेठ, रॅम शॉर्ट आहे, मुंबईहून येतीये. उद्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकतो." दादाने या वेळी उद्याची वाट पाहिली नाही. मोटारसायकल काढून सोलापूरला गेला आणि मिळेल त्या भावाला १२ रॅम घेऊन आला. एका नगामागे साडेचारशे रुपये जास्त गेले. म्हणजे ५,४००. मशीनमागे त्याचं सुटणार होतं बाराशे, १२ मशीनचे १४,४००. त्यातून ५,४०० तिथेच गेले. रात्री दोनपर्यंत तो आणि कामाला असलेला मुलगा मशीन जोडत बसले. ९ तारखेला डिलिव्हरी झाली. सरांना यातलं काही कळलंही नाही, आणि गिऱ्हाइकाला कळता कामा नये हीच दादाची पद्धत आहे.

सप्लायरची रॅम तीन आठवड्यांनी आली. बिलात लागलीच होती, परत घेणार नाही म्हणाला. (एक गंमत : तीच रॅम २०२५ च्या शेवटापर्यंत कपाटात राहिली असती तर दादाने चांगले पैसे केले असते. पण तोवर ती एकेक करून विकली गेली होती. दुकानदाराचं नशीब हे असं.)

आता मुद्द्यावर येतो. मी दादाला विचारलं, तुला सगळ्यात जास्त राग कशाचा आला? मला वाटलं ५,४०० म्हणेल. तो म्हणाला, "दोन तारखेलाच रॅम नाही म्हणाला असता तर मी सोलापूरच्या माणसाला तेव्हाच सांगून ठेवलं असतं. भावही नीट लावला असता त्याने. याने हो म्हणून माझे सहा दिवस खाल्ले."

हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात आमचं काम आलं. आमच्याकडे एखादा सर्व्हर बंद पडला तर तो एरर देतो. त्याला आम्ही फार घाबरत नाही. एरर आला की दुसऱ्या सर्व्हरकडे वळायचं, तशी सोय केलेलीच असते. आम्ही घाबरतो ते अशा सर्व्हरला, जो विचारलं की 'सगळं ठीक' म्हणतो आणि काम मात्र करत नाही. कारण तो ठीक म्हणतोय तोवर तुम्ही दुसरीकडे जातच नाही. सप्लायरकडे माल नसणं हा गुन्हा नाही. धंद्यात माल नसतोच कधी कधी. पण त्याच्या खोट्या 'हो'मुळे तुमचे बाकीचे रस्ते बंद होतात. आणि तुम्ही ते बंद केलेत हे तुम्हाला कळतसुद्धा नाही.

हा 'हो' फक्त माल निघण्यापुरता नसतो. याच ऑर्डरमध्ये दुसरा 'हो' होता जीएसटीचा, आणि तो रॅमपेक्षा महाग पडला. इथे थोडे आकडे आहेत, कंटाळू नका.

मशीनची खरेदी कर सोडून २८,०००. बारांची झाली ३,३६,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी ६०,४८०, जो दादाने सप्लायरला बिलात दिला. विक्री २९,२०० ने, बारांची ३,५०,४००. त्यावर सरांकडून घेतलेला जीएसटी ६३,०७२. आता नियमाप्रमाणे दादाने सरकारला फक्त फरक भरायचा, म्हणजे २,५९२ रुपये. सोलापूरच्या रॅमचं बिल मी यात धरलेलं नाही, हिशेब सोपा राहावा म्हणून.

पण हे कधी? जेव्हा सप्लायर त्याच्या रिटर्नमध्ये, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये, हे बिल दाखवेल तेव्हा. १ जानेवारी २०२२ पासून कायदाच तसा आहे. सप्लायरने बिल दाखवलं, ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये आलं, तरच तुम्हाला क्रेडिट. तुमच्या हातात छापील बिल आहे, बँकेतून पैसे गेल्याचा पुरावा आहे, माल दुकानात आहे, तरीही नाही.

एप्रिलच्या बिलाचं जीएसटीआर-१ भरायची मुदत ११ मे. त्याने भरलं जूनच्या अखेरीस. तोवर दर आठवड्याला फोन, आणि दर वेळी उत्तर : "झालंय शेठ, सीएने टाकलंय, पोर्टल स्लो आहे." पोर्टल स्लो असतं हे खरंय, पण दीड महिना नसतं. दादाची विक्री मेमधली, तिचा कर भरायची तारीख २० जून. त्या दिवशी २,५९२ च्या जागी पूर्ण ६३,०७२ भरायची वेळ आली. १४,४०० सुटणार होते त्या ऑर्डरवर ६०,००० अडकले. घरच्या एफडीवर उचल घेऊन भरले. पुढच्या महिन्यात क्रेडिट दिसलं, पण म्हणून कोणी रोख परत देत नाही. ते पुढच्या विक्रीवरच्या करातून हळूहळू वळतं होत राहतं.

एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवतो. जीएसटीच्या पोर्टलवर कोणाचाही जीएसटी नंबर टाकला की त्याने कुठल्या महिन्याचं रिटर्न कोणत्या तारखेला भरलं ते दिसतं. लॉगिनसुद्धा लागत नाही. मी तेव्हा ते उघडून पाहिलं. 'सीएने टाकलंय' म्हणत होता त्या महिन्यासमोर काहीच नव्हतं. शिवाय त्याआधीचे महिनेही उशिराचे होते. नव्या सप्लायरला पहिला रुपया देण्याआधी ही दोन मिनिटं खर्च करा.

तिसरा 'हो' वॉरंटीचा. हा थोडक्यात सांगतो. प्रोसेसर दोन प्रकारे येतो. एक डब्यातला. इंटेलचा असेल तर त्यावर कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी. दुसरा ट्रेमधला, सुटा. त्याची वॉरंटी कंपनी गिऱ्हाइकाला थेट देत नाही, ज्याने विकला त्याच्याकडे जायचं. ट्रेमधला स्वस्त पडतो. घ्यायला हरकत नाही, पण तसं सांगून द्या ना! फोनवर "बॉक्स पीस आहे शेठ" आणि खोक्यात प्लास्टिकच्या खाचेत बसवलेला सुटा प्रोसेसर. बिलावर नुसतं 'प्रोसेसर'. भांडायचं कशावर?

तुम्ही म्हणाल, मग कायदा आहे की. आहे. पण कोणासाठी, ते बघा. एखाद्या पालकाने दादाकडून पोरासाठी लॅपटॉप घेतला आणि तो खराब निघाला, तर पालक ग्राहक आहे. तो २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दादावर तक्रार करू शकतो, आणि करावीच. पण दादा सप्लायरविरुद्ध त्याच कायद्याखाली जाऊ शकत नाही, कारण पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा माणूस त्या व्याख्येत ग्राहकच नाही. त्याच्यासाठी १९३० चा मालविक्री कायदा आहे. माल दिला नाही तर नुकसानभरपाईचा दावा लावता येतो, दिवाणी कोर्टात. ५,४०० रुपयांसाठी वकील लावून पुण्याच्या कोर्टात खेपा कोण घालणार? म्हणजे खालून गिऱ्हाईक धरणार, वरून सरकार कर मागणार, आणि या दोघांच्या मधल्या माणसाच्या हातात फक्त फोन.

"मग सोड ना त्याला." हे मी दादाला किमान दहा वेळा म्हणालो असेन. आमच्या क्षेत्रात हे सोपं असतं, वेंडर बदला. दादाने मला एका रविवारी वही दाखवली तेव्हा मला ते कळलं. त्यात सप्लायरकडून *येणं* लिहिलं होतं. ब्रँडच्या स्कीमचे पैसे : अमुक नग विका, तमुक रुपये क्रेडिट नोटने मिळतील. भाव पडल्यावर जुन्या स्टॉकवरचा फरक. रिप्लेसमेंटला गेलेले दोन मदरबोर्ड. सगळे मिळून ३८,००० रुपये. यातलं एकही येणं कागदावर सही-शिक्क्याने नाही, सगळं बोलीवर. "आज मी दुसरीकडून माल घ्यायला लागलो की हे पैसे मिळणार नाहीत," दादा म्हणाला. "तो नाही म्हणणार नाही. देतो म्हणेल आणि देणार नाही."

म्हणजे उधारी उलटी आहे. आपल्याला वाटतं, दुकानदार सप्लायरचा देणेकरी असतो म्हणून बांधलेला असतो. इथे सप्लायरच दादाचं देणं लागतो, आणि त्या न दिलेल्या पैशानेच दादाला बांधून ठेवलंय. मला वाटतं, याला फार हुशारी लागत नाही. मुद्दाम करत असेल असंही नाही. पैसे सावकाश देत राहिलं की आपोआप होतं.

सप्लायरच्या बाजूनेही दोन शब्द बोललं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. त्यालाही वरून माल मिळत नसतो. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिथे हार्डडिस्कचे कारखाने बुडाले आणि इथे हार्डडिस्कचे भाव गगनाला भिडले. ३ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीला लायसन्स लागेल असं अचानक जाहीर केलं, दुसऱ्या दिवशी मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढवली, आणि मधल्या दिवसांत बाजारात कोणालाच काही सांगता येईना. आणि २०२५ च्या शेवटी रॅम. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्याकडे मोठे कारखाने वळले, साध्या रॅमचा तुटवडा झाला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी पुण्यातला होलसेलवाला काय करणार?

एक गोष्ट करू शकतो : खरं सांगू शकतो. त्या दिवसांत दादाला दोन अनुभव आले. एकाने सकाळी जुन्या भावाने अ‍ॅडव्हान्स घेतला आणि संध्याकाळी "शेठ, रेट वाढला, फरक पाठवा" म्हणाला. सोलापूरचा दुसरा माणूस म्हणाला, "आज भाव देत नाही. उद्या अकराला फोन करा, त्या वेळचा भाव असेल, आणि तो तासभरच धरीन." भाव दुसऱ्याचाही वाढलेलाच होता. पण दादाने गिऱ्हाइकाला कोटेशन दिलं ते दुसऱ्याच्या जिवावर.

आता आम्ही काय बदललं ते सांगतो. फार काही नाही. पहिलं म्हणजे दादाने "कधी येईल?" विचारणं बंद केलं. त्या प्रश्नाला 'उद्या' हेच उत्तर असतं. आता तो म्हणतो, "बिल्टीचा फोटो टाक." माल निघाला असेल तर बिल्टी असते, नसेल तर नसते. प्रोसेसर असेल तर "डब्यावरच्या सिरीयल नंबरचा फोटो टाक". पहिले काही दिवस सेल्समन नाराज झाला. "शेठ, विश्वास नाही का?" दादा म्हणाला, "विश्वास आहे रे, पण माझा भाचा एक्सेल भरतो, त्याला लागतो." मी भाचा नाही, आतेभाऊ आहे, पण चालतंय.

दुसरं, एक शीट केली. ऑर्डर, सांगितलेली तारीख, आलेली तारीख, बिल २बी मध्ये दिसल्याची तारीख. चारच रकाने. याचा उपयोग भांडायला होत नाही, तो दादाला स्वतःला होतो. गिऱ्हाइकाने विचारलं की तो आता सेल्समनची तारीख सांगत नाही, शीटमधलं नेहमीचं अंतर त्यात मिळवून सांगतो.

तिसरं अवघड होतं. काही खरेदी सोलापूरहून करायची. तिथे नगामागे शे-दीडशे जास्त पडतात, आणि पुण्याची उचल कमी झाली की तिथला स्लॅबचा भावही जातो. यावर दादाचं आणि माझं अजून एकमत नाही. मी म्हणतो ते जादा पैसे म्हणजे विम्याचा हप्ता समज. तो म्हणतो, "हप्ता तू भर." त्याचंही बरोबर आहे. गिऱ्हाईक मोबाइलवर ऑनलाइनचा भाव दाखवत समोर उभं असतं, तिथे शंभर रुपये म्हणजे शंभर रुपयेच असतात. सध्या तोडगा असा की ज्या ऑर्डरला तारीख आहे, म्हणजे शाळा, इन्स्टिट्यूट, बँकेची शाखा, ती सोलापूरहून. बाकी पुण्याहून.

आणि करापुरतं असं केलं की शेवटचा हप्ता बिल २बी मध्ये दिसल्यावरच द्यायचा. पूर्ण अ‍ॅडव्हान्सवाल्या मालाला हे चालत नाही, पण पंधरा दिवसांच्या उधारीवरच्या मालाला सप्लायरने कुरकुर करत मान्य केलंय. त्यानंतर त्याची रिटर्न बरीच वेळेवर यायला लागली, हा योगायोग नसावा.

३८,००० पैकी १७,००० आत्तापर्यंत सुटले, तेही तुकड्यातुकड्याने. २१,००० अजून यायचेत. गेल्या रविवारी दादाने माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला. पलीकडून आवाज आला, "या महिनाअखेर नक्की, शेठ." मी शीटमध्ये एक नवी ओळ घातली आणि तारीख लिहून ठेवली.

तुमच्या घरात किंवा ओळखीत असं दुकान असेल, मग ते कॉम्प्युटरचं असो, औषधांचं असो की हार्डवेअरचं, तर तिथला 'उद्या निघतोय' कसा हाताळतात ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.